झाकण दिसलं, तरी वरून खणू नका

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर दोन तास सपाट जमीन धुंडाळूनही ट्रॅपडोअर कोळ्याचं, म्हणजे मातीत बीळ करून त्यावर झाकण लावणाऱ्या कोळ्याचं, एकही बीळ दिसलं नाही, अशी एकाची तक्रार आहे. त्यापेक्षा पायवाटेकडेची, नाल्याकाठची उभी मातीची कड बघा, शेवाळलेली असेल तर उत्तमच. टॉर्च तिरपा धरला की झाकणाची अर्धगोल कड सावलीमुळे उठून दिसते. सुईने उचकटल्यावर रेशमी बिजागरी दिसली की समजा घर सापडलं.

अभ्यासासाठी नमुना काढताना वरून खणलं तर बीळ ढासळून कोळी चिरडतो. आत गवताची काडी सोडा, चार बोटं बाजूला खड्डा घ्या आणि काडीकडे माती खरवडत या. झाकणही जपा, जाड बुचासारखं की पातळ, त्याची नोंद हवीच. प्रजाती मात्र प्रौढ मादीची शुक्रधानी (शुक्राणू साठवणारी पिशवी) किंवा प्रौढ नराचे पॅल्प (तोंडाजवळचे पायांसारखे छोटे अवयव) पाहूनच ठरते. म्हणून पिल्लं उचलणं व्यर्थ. डीएनए तपासणीसाठी कोळ्याचा पाय 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. आणि वनखात्याची लेखी परवानगी या सगळ्याच्या आधी.