क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनणारं संयुग) असलेल्या पाण्याचं डीपीडी 'मुक्त' रीडिंग नोंदवहीत लिहावं का? (डीपीडी म्हणजे क्लोरीनने गुलाबी होणारं रसायन; मुक्त म्हणजे कशाशीही न जोडलेला क्लोरीन, एकूण म्हणजे मुक्त अधिक क्लोरामाइनमधला.)

बीकरवाला: लिहू नये. क्लोरीन आणि अमोनिया-नायट्रोजनचं वजनी प्रमाण 5:1 च्या खाली असेल, तर जवळपास सगळा क्लोरीन मोनोक्लोरामाइन (सर्वांत साधं क्लोरामाइन) झालेला असतो. तेच डीपीडी-1 ला (मुक्त क्लोरीन मोजायच्या गोळीला) हळूहळू गुलाबी करतं आणि आपण 0.3 'मुक्त' लिहून मोकळे होतो. मोनोक्लोरामाइनची जंतू मारण्याची ताकद मुक्त क्लोरीनपेक्षा फार कमी. अशा पाण्यात एकूण क्लोरीन, मोनोक्लोरामाइन आणि उरलेला अमोनिया मोजा.

गाळणटाकी: दोष चाचणीचा नाही, हाताचा आहे. गोळी थोड्या नमुन्यात चुरा, 10 मिलीच्या खुणेपर्यंत भरा, हलवा, एका मिनिटाच्या आत वाचा. तीच कुपी 3 मिनिटांनी पुन्हा लावा. आकडा चढला तर क्लोरामाइन आहे, एवढं निदान फुकटात होतं.

बीकरवाला: एकूण क्लोरीन 3 मिग्रॅ/लिटर आणि पाणी कोमट असेल, तर त्या पहिल्या मिनिटातही रंग चढतो. त्यातला खरा मुक्त क्लोरीन किती, हे कसं ठरवणार?

कुपीधुवा: दोघांनीही आयोडाइड सोडलंत! एकूण क्लोरीनसाठी घालतात त्या डीपीडी-3 गोळीत पोटॅशियम आयोडाइड असतं. एकूण क्लोरीनची कुपी नुसती विसळून मुक्तसाठी घेतली, किंवा गोळी चुरायची कांडी तीच वापरली, तर उरलेल्या अंशानेही मोनोक्लोरामाइन झटकन रंग देतं. मग आकडा लगेच वर जाऊन तिथेच बसतो, आणि 3 मिनिटांची युक्ती फसते. कुप्या आणि कांड्या वेगळ्या ठेवा, झाकणांवर खूण करा.

गाळणटाकी: कुप्यांचं मान्य. पण मुक्त मोजणंच बंद केलं तर ब्रेकपॉइंट (क्लोरामाइन संपून मुक्त क्लोरीन उरू लागतो तो टप्पा) कसा सापडेल? क्लोरीनचा डोस वाढवताना एकूण क्लोरीन आधी चढतो, मग उतरतो, मग पुन्हा चढतो. हिशेबाने हा तळ, म्हणजे ब्रेकपॉइंट, क्लोरीन-नायट्रोजनच्या 7.6:1 वजनी प्रमाणाला येतो, प्रत्यक्षात 10:1 पर्यंतही डोस लागतो. एकूण 1 मिग्रॅ/लिटर चढणीवरही मिळेल आणि ब्रेकपॉइंटनंतरही. नुसत्या एकूणवरून फरक कळणार नाही. शंका असेल तिथे थायोअ‍ॅसिटामाइड वापरा: 100 मिली नमुन्यात डीपीडी मिसळल्या मिसळल्या 0.25 टक्के द्रावणाचे 0.5 मिली. मोनोक्लोरामाइनची क्रिया तिथेच थांबते. हातमोजे घाला, कर्करोगाचा संशय असलेलं रसायन आहे.

बीकरवाला: त्या पद्धतीचं रीडिंग लिहायला माझी हरकत नाही. साधं डीपीडी-1 मात्र नाहीच. (ऑर्थोटोलिडीन या जुन्या चाचणी-रसायनाचा पिवळा रंग पाच मिनिटांनी बघून 'मुक्त' म्हणणाऱ्यांशी तर वादच नको.) आणि ऑक्सिडाइझ झालेलं मँगनीजही डीपीडीला रंग देतं, ते थायोअ‍ॅसिटामाइडने थांबत नाही, त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते.