मदत हवी आहे: गेममध्ये एक वर्ष गेलं आणि नऊ वर्षं गेली, हा फरक खेळणाऱ्याला कसा जाणवून द्यावा?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. नोकरी सांभाळून, रात्री मुलं झोपली की एक छोटा गेम बनवतेय, त्याला आता दीड वर्ष झालं. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. चित्रं माझीच. कोडमध्ये अडले तर शोधून मार्ग काढते, पण आता जिथे अडलेय तिथे कोड कामाचा नाही, म्हणून इथे लिहितेय.

गेम आखाजीचा आहे. जे खान्देशातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, सालही आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. आमच्या घरात अजूनही कुठलीही जुनी गोष्ट सांगताना "त्या आखाजीला" अशीच सुरुवात होते.

खेळणारा म्हणजे माहेरी आलेली मुलगी. प्रसंग चारच, चार आखाज्या, अंगण तेच. आजी, आई, भाऊ, मागे केळीचा बाग. पहिलीनंतर दुसरी आखाजी लगेच पुढच्या वर्षीची. तिसरी त्यानंतर तीन वर्षांनी. चौथी आणखी नऊ वर्षांनी. मधल्या वर्षांत ती का आली नाही हे मी कुठेच सांगत नाही आणि सांगायचंही नाही. आपण नव्हतो तेव्हाही हे घर जगत राहिलं, थकलं, बदललं, एवढं खेळणाऱ्याच्या आत उतरलं पाहिजे. गेम मी त्यासाठीच करतेय.

अडचण अशी. मागच्या महिन्यात चौदा वर्षांच्या भाच्याला खेळायला दिला. गेम साधारण पंचवीस मिनिटांचा. तिसऱ्या प्रसंगाला तो म्हणाला, "आत्या, हे दुसऱ्या दिवसाचं आहे ना?" चौथ्यात आजीचे केस पूर्ण पांढरे केलेत, ओट्याचा रंग उडवलाय, तर विचारतो, "आजी आजारी पडली का?" म्हणजे बदल त्याला दिसला, मधली वर्षं दिसली नाहीत. आणि एक वर्ष व नऊ वर्षं यांत तर त्याला काहीच फरक जाणवला नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. आधी काळ्या पडद्यावर "नऊ वर्षांनंतर" असं लिहिलं होतं. वाचून माहिती मिळते, पण मनाला काही होत नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उडवून पाहिली, ती जुन्या सिनेमातल्यासारखी वाटली, काढून टाकली. मग माणसांची आणि घराची रूपं बदलली. त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

नुसत्या पाटीनेही काम होतं हे मला माहीत आहे. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) मध्ये सुरुवातीलाच नायक जोएलची मुलगी त्याच्या हातात प्राण सोडते आणि पुढे वीस वर्षांची उडी येते. (खेळला नसेल तर माफ करा, रसभंग केला.) पण तिथली पाटी एकटी नाही. मुलीने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ वीस वर्षांनंतरही त्याच्या मनगटावर आहे, आणि ते बंद पडलेलं आहे. माझ्या मते ती वीस वर्षं त्या घड्याळातच आहेत.

'अनपॅकिंग' (२०२१) तर मी तीनदा खेळले. त्यात फक्त खोक्यांतून सामान काढून घरात लावायचं असतं. १९९७ ते २०१८, आठ वेळा बदललेलं घर. नायिका स्वतः कधी समोर येत नाही. २०१० मध्ये ती प्रियकराच्या घरी राहायला जाते. तिथे तिच्या पदवीच्या चौकटीला भिंतीवर जागाच मिळत नाही, शेवटी पलंगाखाली सरकवावी लागते. आधीच्या घरांत आपणच तिचं सामान प्रेमाने लावलेलं असतं, म्हणून ती चौकट पलंगाखाली घालताना हात अडखळतो. मला हे हवंय. पण 'अनपॅकिंग'मध्ये घरं बदलतात, सन पडद्यावर येतो. माझं अंगण एकच आहे आणि सन मला लिहायचा नाही.

'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) या शेतीच्या गेममधला काळही वहीत मांडून पाहिला. तिथली दहा मिनिटं म्हणजे आपले साधारण सात सेकंद, सकाळी सहा ते रात्री दोन असा तिथला दिवस आपल्या चौदा मिनिटांत संपतो, अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू. ऋतू पालटला की उभी पिकं एका रात्रीत वाळतात, तेव्हा खरोखर हळहळ वाटते. पण तिथे प्रत्येक दिवस आपण जगतो. माझ्या गेममध्ये न जगलेली वर्षं दाखवायची आहेत.

तर, एकच जागा, चार भेटी, मधली अंतरं कमीजास्त. अंतराची लांबी शब्दांशिवाय कशी पोचवावी? तुम्ही खेळलेल्या गेममध्ये कुठे असं जाणवलं असेल तर नेमका कुठला क्षण होता तेही लिहा.

प्रतिसाद १ (जळगाव)

ताई, कल्पना फार आवडली. तुमच्या भाच्याचं काही चुकलं नाही. पहिल्या प्रसंगात आजीच्या केसांशी त्याचा काय संबंध आला? काहीच नाही. ज्याला हात लावला नाही ते बदललेलं लक्षात येत नाही.

'ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) हा गेम आठवा. त्यातला छोटा नायक लिंक तलवार उपसतो आणि सात वर्षांनी जागा होतो. किल्ल्याबाहेरचा गजबजलेला बाजार ओसाड पडलेला असतो, तिथे आता मुडदे फिरतात. सगळे त्या बाजाराबद्दल बोलतात. पण मी हललो तो दुसऱ्याच जागी. लहानपणी मऊ मातीत एक बी पेरता येतं. पेरलं की त्याचं तेव्हा काहीच होत नाही, आपण विसरूनही जातो. मोठेपणी तिथे परत गेलं की त्याचा वेल झालेला असतो आणि त्याच्या पानावर उभं राहून उडत उंच जागी जाता येतं. आणि एपोना घोडी! लहानपणी शिकलेली धून मोठेपणी वाजवली की ती ओळखून धावत येते. सात वर्षं गेली हे पात्राला आठवायला लागत नाही, ते आपल्या बोटांना आठवतं.

तुमच्या गेममध्ये पहिल्या आखाजीला खेळणाऱ्याच्या हातून काहीतरी पेरून घ्या. त्याबद्दल नंतर चकार शब्द काढू नका.

प्रतिसाद २ (रावेर)

ताई, मला गेममधलं कळत नाही, मुलगा खेळतो. केळी मात्र कळते, म्हणून लिहितो. मागे केळीचा बाग आहे म्हणालात. चारही आखाज्यांना बाग सारखाच काढला असेल तर तिथेच चूक आहे. आमच्या शेतात नुसतं पाहून सांगता येतं किती महिने झाले.

पहिल्या आखाजीला नांगरट दाखवा, उन्हात तापलेली ढेकळं. जून-जुलैत मृगबाग लावला की पुढच्या आखाजीला बाग निसवलेला असतो, घड लोंबत असतात, वाऱ्याच्या भीतीने बांबूचे टेकू दिलेले असतात. घड काढला की ते खोड संपलं, शेजारच्या पिलेवर, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबावर, खोडवा म्हणजे पुढचं पीक धरायचं. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या आखाजीत नांगरट आणि घड, एवढ्यावर एक वर्ष कुणालाही कळेल. निदान आमच्याकडच्या माणसाला कळेलच.

पण नऊ वर्षं केळी सांगू शकत नाही. दोन-तीन वर्षांत बाग मोडतो, नवा लागतो, पुन्हा तसाच दिसतो. केळीचं घड्याळ वर्षाचं आहे. नऊ वर्षांसाठी निंब बघा, विहीर बघा, माणूस बघा.

धागाकर्ती

दादा, तुम्ही मला चित्राची चूक दाखवलीत, मनापासून आभार. खरंच चारही प्रसंगांत एकच बाग चिकटवलाय. शेतकऱ्याची मुलगी असून हे सुचलं नाही. स्टारड्यूमध्ये केळीचं झाड अठ्ठावीस दिवसांत तयार होतं आणि मग कायम उभंच राहतं, तेव्हा मी घरी सगळ्यांना सांगत होते की केळ अशी नसते!

जळगावच्या दादांचं पेरण्याचं फार पटलं. पहिल्या आखाजीला आजी एक निंबाचं रोप लावायला सांगेल, खेळणाऱ्याने बटण दाबून दोन तांबे पाणी घालायचं. पुढच्या वर्षी गुडघ्याएवढं. तीन वर्षांनी डोक्याच्या वर. आणि शेवटी, तेरा वर्षांच्या त्या निंबाला झोका बांधलेला.

प्रतिसाद ३

'बिफोर युअर आइज' (२०२१) खेळून बघा. कॅमेऱ्याने आपली पापणी लवलेली ओळखतात आणि पापणी लवली की आठवण पुढे सरकते. आईजवळ थोडं थांबावंसं वाटतं, डोळे ताणून धरतो, पाणी येतं, शेवटी पापणी लवतेच. काळ आपल्या हातातून सुटतो हे इतकं अंगावर आलेलं दुसरीकडे पाहिलं नाही. तुमच्या गेमला कॅमेरा लागणार नाही, पण थांबावंसं वाटत असताना थांबता न येणं, हे वापरता येईल.

प्रतिसाद ४ (शिरपूर)

बहिणी, मी गेम खेळत नाही. नणंदेने हा धागा पाठवला आणि वाचून डोळे भरले. तू घागरीचं नुसतं नाव काढलंस आणि पुढे गेलीस. तुझं सगळं उत्तर त्या घागरीत आहे असं मला वाटतं.

माझी आई पहाटे अंगण सारवून घागरी मांडायची. वर लोटी, लोटीवर खरबूज, शेजारी सांजोरी. लहानपणी मी मोजायचे, कुणाची कोणती ते विचारायचे. माझ्या लग्नानंतर मधली काही वर्षं मला जायला जमलं नाही. गेले तेव्हा कुणी काही सांगायच्या आधी माझं लक्ष घागरींकडे गेलं. एक जास्त होती. मोठे काका गेल्याचं मला फोनवर कळलेलं होतं, रडून झालेलं होतं. तरी ते खरं त्या दिवशी झालं.

तुझ्या खेळात पाणी भरायचं काम त्या मुलीलाच दे. दर वेळी तिनेच भरायचं. पण एक जपून कर. घागर मोठी दाखवू नकोस, तिच्यावर उजेड पाडू नकोस. रांगेत एक जास्त आहे, एवढंच.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून त्या रात्री काही काम केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घागरी बसवल्या. बटण दाबून धरलं की पाणी पडतं, आवाज भरत भरत बारीक होतो, काठाशी आला की सोडायचं. पहिल्या दोन आखाज्यांना दोन घागरी. तिसरीला तीन. ही तिसरी कुणाची ते आईच्या कपाळावरून कळतं, बोलत कुणी नाही. चौथ्या वेळी चार, आणि ओट्यावरची आजीची जागा रिकामी. म्हणजे पांढऱ्या केसांची आजी मी शेवटच्या प्रसंगातून काढूनच टाकली. इतके दिवस तिला म्हातारी करत बसले होते.

थांबता न येण्याचंही वापरलं. झोक्यावर बसलं की पाठीमागून आजी झोका देते, आपण कितीही वेळ बसू शकतो. चौथ्या वेळी झोका द्यायला कुणी नाही. तो दोन-तीनदा हलतो आणि मंदावतो. उतरावं लागतं.

काल भाच्याला पुन्हा दिला. दुसऱ्या आखाजीला लगेच म्हणाला, "अरे, केळी लागली!" रावेरच्या दादांना हे खास कळवतेय. चौथ्या वेळी घागरी भरताना तीन भरून झाल्यावर पुढे निघाला होता, मग मागे आला, चौथी भरली. काही विचारलं नाही. झोक्यापाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, हे मी लावलेलं झाड का?"

तीन वर्षांचं अंतर मात्र अजून नीट बसलेलं नाही. रोपाची उंची त्याला कळली, पण "एक वर्ष असेल" म्हणाला. तीन घागरींकडे त्याचं लक्षच गेलं नाही, आईच्या कपाळाकडेही नाही. चित्रात कपाळ फारच लहान दिसतं, ते जवळून दाखवावं का, यावर अजून मन ठरत नाही. तुमचं मत सांगा.

आणि एक मागणं. झोक्याचा आवाज हवा आहे. आमच्या निंबाला आता नायलॉनचा दोर आहे, तो करकरत नाही. कुणाकडे अजून सुताच्या किंवा अंबाडीच्या दोराचा झोका असेल, तर येत्या आखाजीला फांदीजवळ मोबाइल धरून अर्धा मिनिट रेकॉर्ड करून द्याल का? बायकांचं बोलणं, पाखरं, काही मधे आलं तरी चालेल.