मेलेला मासा तपासायला का घेत नाहीत?

ऐरोलीकर_८८
मामाचं मुरबाडजवळ शेततळं आहे, प्लास्टिक अस्तरवालं, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेत. पंधरा दिवस झाले, रोहू कडेला येऊन अंग घासतायत, मधेच उसळ्या मारतायत आणि रोज एकदोन मरून वर येतायत. ठाण्यातल्या एका कॉलेजात एक मॅडम गोड्या पाण्यातल्या माशांच्या परजीवींवर पीएचडी करतायत, तळ्यावर दोनदा येऊन गेल्यात, म्हणून मामाने मेलेले पाच रोहू थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून पाठवले आणि मी ते कल्याणहून लगेजच्या डब्यातून ठाण्याला नेले, वाटेत दोघांनी भाव पण विचारला. मॅडमनी खोकं उघडलं, एकाचा कल्ला वर करून बघितला आणि म्हणाल्या याचा उपयोग नाही, जिवंत घेऊन या. मामा जाम भडकलाय. त्याचं म्हणणं, रोग मेलेल्याला झाला होता, जगलेल्याला मारून हिला काय कळणार? खरं सांगायचं तर मला पण लॉजिक कळलं नाही. आणि हे मासे खायचे की नाही ते पण सांगा, घरी रोज तोच वाद.

शहापूरचा_तळेवाला
अंग घासतायत म्हणजे बहुतेक माशांच्या उवा. रोहूवरच जास्त चढतात, कटल्यावर तेवढ्या नाहीत. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झालं होतं, औषधाच्या दुकानवाल्याने पिकावर मारायची बाटली दिली, टाक म्हणाला, पाणी किती, तळं खोल किती काही विचारलं नाही. आठ दिवस मासे एकदम शांत, मी खूश, वीस दिवसांनी परत तेच, मग पुन्हा टाकलं, परत तेच. तिसऱ्या वेळी डोस वाढवला तर कटले वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, रात्रभर पंप लावून पाणी उडवत बसलो. त्यामुळे बाटली आणायच्या आधी तपासून घ्या. मामांना सांगा शहाणपण महागात पडतं.

भिंगवाली
मी पण याच विषयात काम करते (त्या मॅडम मी नाही, आधीच सांगते 😄). त्यांनी बरोबर केलं.

ऊ माशाला एका जागी कायमची चिकटून बसलेली नसते, ती त्याच्या अंगावर फिरते आणि मासा मेला की त्याला सोडून पोहत दुसऱ्याकडे जाते. तुमच्या पाच रोहूंवरच्या उवा मामाच्या तळ्यातच राहिल्या, तुम्ही रिकामं घर लोकलने आणलंत. कल्ल्यांवरचे तर त्याहून नाजूक. एकपेशीय जीव असतात, सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी चकती फिरल्यासारखे दिसणारे, ते मासा मेल्यावर थोड्या वेळात गळून जातात. पानकृमी, म्हणजे कल्ल्यांना चिकटणारे बारीक चपटे कृमी, उरलेच तर बर्फात आक्रसून चोथा होतात. कल्ला पांढरट पडून चिकट झाला की मला तो फक्त सडलेला कल्ला दिसतो, त्यात आधी काय होतं ते ओळखू येत नाही.

जिवंत मासा आला की मी पाच मिनिटांत मारते, एक एक कल्ला सुटा करून तळ्याच्याच पाण्यात ठेवते आणि भिंगाखाली धरते. नळाचं पाणी नाही, त्यात क्लोरीन असतं. कल्ल्याच्या पाकळ्यांमधून एक बारीक दोरा वाकतो, ताणतो, पुन्हा वाकतो, तो पानकृमी. डोक्याकडे चार काळे ठिपके असतील तर अंडी घालणारा. ठिपके नसतील तर दुसरा, जो सरळ पिल्लूच घालतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात आणखी एक पिल्लू आधीच तयार असतं, त्याचे चिकटायचे आकडे (हुक) बाहेरून दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गाईडना हाक मारून बोलावलं होतं.

हे ओळखायचं कारण औषध. अंडीवाल्याला एकदा डोस दिला तर मोठे मरतात, अंडी तशीच राहतात. शहापूरवाल्या दादांचं वीस दिवसांनी परत आलं ते यामुळेच. ऊ पण अंडीच घालते, मासा सोडून दगडावर, काठीवर, तुमच्याकडे बहुतेक अस्तरावर, ओळीने चिकटवून. आपल्या कोमट पाण्यात ती साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात.

शहापूरचा_तळेवाला
अरे बापरे, म्हणजे मी दर वेळी नवीन पिढीला औषध पाजत होतो. आणि कटले का वर आले मग?

भिंगवाली
समोर नसताना नक्की नाही सांगू शकत. पण ऊ ही कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातली, आणि तळ्यातले पाणपिसवा वगैरे बारीक जीव पण त्यातलेच. उवेला मारणारं औषध त्यांनाही मारतं आणि कटल्याचं खाणं तेच. ते सगळं मरून सडायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन खाली जातो. डोस जास्त झाला हे तर आहेच.

चेंदणीकर
आम्ही खाडीवाले, तळ्यातल्या रोहूला मासा म्हणत नाही 😂 पण खायचं विचारलंय तर सांगतो, ऊ बाहेरून असते, खवल्याबरोबर गेली, नीट धुवून कालवण उकळलं की काय राहतंय. जखमा सडलेला, मरून तरंगलेला मात्र घरात आणू नका.

भिंगवाली
खाण्याचं चेंदणीकर म्हणतात ते बरोबर आहे, फक्त कच्चं किंवा अर्धकच्चं नको. आणि ऐरोलीकर, मासे आणाल तेव्हा अंग घासणारेच निवडून आणू नका. परजीवी सगळ्या माशांवर सारखे वाटलेले नसतात, थोड्या माशांवर बहुतेक उवा आणि बाकीच्यांवर एखादी नाहीतर काहीच नाही, असंच असतं. आजारीच तेवढे मोजले तर मला वाटेल अख्खं तळं बुडालं. पाग टाकून जे येतील ते दहा-पंधरा आणा, तळ्याच्या पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, बोटुकली आणतो तशा.

ऐरोलीकर_८८
अपडेट. मामाला हे सगळं वाचून दाखवलं, रिकामं घर लोकलने आणलं यावर तो पण हसला. काल पाग टाकून बारा मासे काढले, पिशव्या टेम्पोत घालून थेट ठाण्याला, लगेजच्या डब्याचं नाव नको. मॅडमनी मामाला भिंगातून दाखवलं, रोहूच्या पंखाखाली चपटी, काचेसारखी आरपार, दोन काळे डोळे आणि खाली दोन गोल चूषक, कासवासारखी सरकत होती. बारापैकी सातांवर उवा, त्यातल्या एकट्या एकावर एकोणीस. मामा दहा मिनिटं भिंगावरून उठला नाही, मागे माणसं थांबलेली. आता म्हणतो औषध नंतर, आधी अंडी काढू, उवांना बांबूवर घालू देऊन, पण बांबू रोवला तर अस्तराला भोक पडेल ना?

भिंगवाली
रोवू नका, दोरीला बांधून आडवे लटकवा, खाली दगडाचं वजन. दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायचे, अंडी मरतात, मग परत टाकायचे. अस्तराची पाण्याच्या पातळीजवळची बाजू कुंच्याने घासा. औषधाचं मॅडमना विचारूनच, तळ्याची लांबी-रुंदी-खोली मोजून न्या.

शहापूरचा_तळेवाला
जुने फुटके पाइप चालतील का बांबूऐवजी? ढीगभर पडलेत.

भिंगवाली
चालतील. अंडी घालायला कडक काहीही चालतं उवांना.