अनुभव धागा : कार्ट रेसिंग कुणासोबत खेळता?

धंतोली (धागा सुरू करताना; नावांऐवजी ज्याचा त्याचा नागपुरातला भाग लिहिलाय)

मागच्या दिवाळीनंतर बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात उचलता येऊ लागला, पण बोटं ऐकेनात. व्यायामाचा चेंडू दाबायचा त्यांना मनापासून कंटाळा. मे महिन्यात भाचा आला आणि त्यानं माझ्या लॅपटॉपवर सुपरटक्सकार्ट टाकलं, म्हणजे कार्ट या छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीचा संगणकावरचा खेळ. कूलरसमोर टेबल ओढून आजोबा-नातू खेळू लागले. या खेळात वळणावर व्हीचं बटण धरून ठेवलं की गाडी घसरते, चाकांखाली आधी पिवळ्या आणि मग लाल ठिणग्या उडतात. तेव्हा बटण सोडलं की गाडी उसळी घेते. बाबांच्या डाव्या तर्जनीला तेवढं एकच काम.

पहिले बरेच दिवस ते शेवटचेच यायचे, तरी उठायचे नाहीत. शेजारी बसून पाहिल्यावर कारण कळलं. रस्त्यावरच्या पेट्यांतून दुसऱ्यांवर मारायच्या किंवा वेग वाढवायच्या वस्तू मिळतात, आणि मागे असलेल्याला जास्त जोराची वस्तू मिळण्याची शक्यता असते, त्यामुळे आशा सुटत नाही. तुम्ही कोणता कार्टचा खेळ खेळलात, कुणासोबत, आणि तो कसा घडला हे ठाऊक असेल तर तेही नक्की लिहा.

सीताबर्डी

आमचा खेळ क्रॅश टीम रेसिंग. नॉटी डॉग कंपनीनं 1999 मध्ये टीव्हीला जोडायच्या पहिल्या प्लेस्टेशन या खेळयंत्रासाठी केलेला. शाळा सुटली की टिनाच्या खोलीतल्या पार्लरमध्ये तासाला दहा रुपये. खांद्याचं एक बटण धरून गाडी घसरवायची, मागचा धूर काळा झाला की दुसरं दाबायचं, मग गाडी उसळी घ्यायची. एका घसरणीत असं तीनदा. पार्लरवाला भाऊ सांगायचा, "रस्त्याकडे काहून पाह्यतं बे, धुराकडे पाह्य!" त्या वाक्यानं मला खेळ शिकवला. 2019 मध्ये बीनॉक्स कंपनीनं तोच खेळ नव्यानं बांधला. तो सुरू केल्यावर पहिल्याच वळणाला बोटांनी ती लय आपोआप धरली. लहान भावाला फोन करून बोलावलं, रात्री दोनपर्यंत खेळलो.

मिहान

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून घडणीबद्दल लिहितो. या प्रकाराची मुहूर्तमेढ 1992 च्या सुपर मारिओ कार्टनं रोवली. तो करणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीचा एफ-झिरो हा आधीचा शर्यतीचा खेळ एकट्यानं खेळायचा होता. दोघांना एकाच वेळी खेळता यावं, एवढ्याच हेतूनं नवं काम सुरू झालं. पडदा दोघांत वाटल्यावर एफ-झिरोचे लांबलचक, सुसाट रस्ते त्यात मावेनात, म्हणून लहान, वळणावळणाचे रस्ते आले आणि त्यांवर शोभणारी गाडी म्हणून कार्ट. चालकही सुरुवातीला डांगरी घातलेला कुणी अनामिक होता, मारिओ हे कंपनीचं गाजलेलं पात्र नंतर बसवलं.

निन्टेंडोच्या त्या खेळयंत्राचं चित्र दाखवायचं तंत्र होतं मोड सेव्हन. सतरंजी डोळ्यांच्या पातळीला धरून तिरकी फिरवावी, तसं एक सपाट चित्र ओळीओळीनं ताणून-आवळून जमिनीचा भास करायचा. त्यामुळे त्या खेळातल्या रस्त्यांना चढ-उतार नाहीत. कॉलेजात आम्ही तिघांनी हे तंत्र स्वतः लिहून पाहिलं. अंबाझरी तलावाच्या बांधाचं वरून काढलेलं चित्र घातलं आणि पहाटे चारला पडद्यावर रस्ता सरकू लागला. तो आनंद पहिल्या पगारालाही आला नाही.

सदर

मारिओ कार्टमधलं निळं कवच, म्हणजे मागे पडलेल्यानं पुढच्यावर सोडायचं अस्त्र, मला मान्य नाही. 1996 च्या मारिओ कार्ट 64 पासून ते आहे. नेमकं पहिल्यालाच गाठतं. मागच्याला हात द्यावा, पण नीट चालवणाऱ्याला शेवटच्या वळणावर पाडू नये. वहिनीशी यावरून माझा खरोखर वाद झालाय.

कामठी रोड

शिक्षिका आहे. शाळेत लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणारे जुने संगणक, इंटरनेट नाही. सुपरटक्सकार्ट मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला, जगभरचे स्वयंसेवक तो वाढवतात. ग्राफिक्स सगळ्यात खाली आणल्यावर आमच्याही यंत्रांवर चाललं. सातवीतली एक मुलगी संगणकाला हात लावायला घाबरायची. तिनं मागे येणाऱ्या मुलाच्या गाडीवर खेळातला मोरीचा पंप मारून त्याचा पडदाच झाकला, आणि सारे पोट्टे ओरडले, "कोण आहे ओ हे?" आता टायपिंगच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसते.

धंतोली

सदरच्या दादांचं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना सांग, मला अजून कुणी पहिल्या नंबरावरून पाडलेलं नाही." काल ते तिसरे आले. शेवटच्या वळणावर ठिणग्या लाल होईपर्यंत बोट बटणावर टिकलं. भाचा पुण्याला परतलाय, त्याला फोन लावून दिला. बाबांनी फोन डाव्या हातात धरला होता.