मदत हवी आहे: मुलं येतात, मोठे येत नाहीत. सोसायटीतल्या निसर्ग उपक्रमाचं काय करू?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी आहे, साधारण शंभर बिऱ्हाडं. दिवाळीपासून आम्ही तिघीजणी महिन्यातल्या एका रविवारी मुलांसाठी निसर्गाचं काहीतरी करतो. बिया ओळखायच्या, गच्चीवरून घारी आणि पोपट मोजायचे, कधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फेरी. मुलं हौसेने येतात. अडचण आईबापांची आहे. मूल गेटपाशी सोडायचं, "न्यायला किती वाजता येऊ?" विचारायचं आणि निघायचं. आजी-आजोबा बाकावरून लांबून बघतात. थोडक्यात, आम्ही फुकटचं पाळणाघर चालवतोय.

नुसतं मुलांना शिकवून उपयोग होत नाहीये. मुलगी घरी जाऊन सांगते, ओला-सुका वेगळा ठेवा. घरातून उत्तर येतं, "पुढे गाडीत सगळं एकच करतात, तू अभ्यास कर." नऊ वर्षांच्या पोरीने यावर काय बोलायचं? गणपतीची मूर्ती कशाची आणायची, झाडाच्या फांद्या किती छाटायच्या, हे ठरवणारे सगळे चाळिशी-साठीतले.

तर मला असे कार्यक्रम सुचवा जिथे मोठ्यांनाही काम असेल, नुसतं सोबत करणं नव्हे. मुंबईत कुठे न्यावं? पैसे चहा-बिस्किटांपुरतेच आहेत. आणि कृपया "जागृती करा" असं लिहू नका, पोस्टरं लावून झालीत.

---

पाचोळा

धाग्याला +१, आमच्याकडेही हीच रड.

पहिली सहल धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची काढा. सायन स्टेशनपासून जवळ आहे. ३७ एकरांचं हे जंगल एकेकाळच्या कचराभूमीवर उभं आहे. पहिलं झाड १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते लागलं, लोकांसाठी उघडलं १९९४ मध्ये. मुलुंडच्या मोठ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तुमचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद होईपर्यंत तो वास त्यांनी वर्षानुवर्षं घेतलाय. वारा फिरला की खिडक्या लावून घेणाऱ्या माणसाला तिथे उभं करून सांगायचं, "काका, याच्या खाली कचरा आहे." पुढची चर्चा आपोआप होते, आणि ती मुलं नाही, काकाच करतात.

---

गिरगावकर

ताई, तुमच्या बाकावरच्या आजोबांना पंचांग घेऊन खाली बोलवा. मी थट्टा करत नाहीये.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा. द्वितीया असेल तर दोन पाऊण दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती. तिच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. ढोबळ हिशेब आहे, जाण्याआधी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघाच. पण मुलांना पाऊणकी (पाऊणचा पाढा) येत नाही आणि आजोबांना येते, ही गंमत मोठी आहे. माझ्या वडिलांनी इमारतीतल्या सहा पोरांना पाऊणकी पाठ करायला लावली होती, शाळेत कोणी शिकवली नसती.

आता तारीख निवडा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही, तेव्हा जाऊ नका. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, तेव्हाच ओहोटीही खोल लागते. त्या वेळी हाजीअली, गिरगाव, जुहू, वांद्र्याचा कार्टर रोड, कुठेही खडक उघडे पडतात. समुद्रफुलं, शंखातले खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपससुद्धा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून अशा किनारा-फेऱ्या काढतात, पहिल्या वेळी त्यांच्यासोबतच जा. शेवाळावर पाय सटकतो, घट्ट पकडीचे बूट हवेत. काही उचलायचं नाही, आणि पाणी फिरायच्या आत परतायचं. ओळखीची कोळीण असेल तर तिला मानधन देऊन बोलवा. भांग-उधाण ती जगते, आपण वाचतो.

---

निवृत्त_कारकून

सगळं छान आहे. पण अनुभवाने सांगतो, मोठी माणसं फोटोपुरती येतात. रोपासोबत फोटो, पुढच्या महिन्यात रोप वाळलेलं. मुलांवरच लक्ष द्या, ती मोठी झाली की बदल होईल.

---

चाळीतली_सुमन

निवृत्त_कारकून काका, मुलं मोठी होईपर्यंत कचरा थांबणार आहे का? :)

मुलुंडकरीण, मला एक वेगळीच गोष्ट खटकतेय. तुम्ही आईबापांना बोलावताय, पण तुमच्या इमारतीत कचरा डब्यात टाकतं कोण? बहुतेक घरांत कामाच्या मावशी. आणि डबे खाली नेतो सफाईवाला दादा. रविवारी सकाळी दोघंही तुमच्या कार्यक्रमात नसतात. ज्यांच्या हातून काम होतं त्यांनाच कोणी काही सांगितलेलं नाही, आणि विचारलेलं तर नाहीच. आमच्याकडे बुधवारी दुपारी दोनला, मावश्यांची कामं आटोपल्यावर, जिन्याखाली बसलो. पहिल्याच बैठकीत कळलं की निम्म्या घरांत दुसरा डबाच नाही! मावशीने वेगळं करायचं ते कशात?

"गाडीत सगळं एकच होतं" याला उत्तर भाषणाने देऊ नका. महापालिकेच्या टी वॉर्डच्या (मुलुंडच्या) घनकचरा विभागात जाऊन विचारा, तुमचा सुका कचरा कुठल्या शेडमध्ये निवडला जातो, आणि आठ-दहा मोठ्यांना तिथे न्या. मुलं नकोत, काचा असतात. दह्याच्या डब्याला चिकटलेलं दही आणि पुठ्ठ्यात मुरलेली आमटी हातांनी निवडणाऱ्या बायका बघितल्या की माणूस घरी येऊन डबा धुतो. आणि सगळं खरंच एकत्र होत असेल, तर तेही स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, मग तक्रार नेमकी करता येईल.

ओल्याचं खत करायचं असेल तर स्त्री मुक्ती संघटनेशी बोला. कचरावेचक बायकांसोबतचं त्यांचं परिसर विकासाचं काम १९९८ पासूनचं आहे. त्या बायका येऊन शिकवतात तेव्हा सोसायटीतले इंजिनियरही गप्प ऐकतात. एवढं मात्र आधीच सांगून ठेवा: मुंबईच्या दमट हवेत खत चिकट होतं, सुका पाचोळा सढळ हाताने घालावा लागतो. अळ्या दिसल्या की सेक्रेटरी घाबरतात. अळ्या कुजवण्याचं कामच करत असतात. वास आला तर पाणी जास्त झालंय.

---

तिवर

मुलुंड पूर्वेला राहून खाडीचं नाव कोणीच घेतलं नाही? ऐरोलीचा पूल ओलांडला की वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. वेळ भरतीवर ठरते, म्हणजे गिरगावकरांचं पंचांग इथेही चालेल. हंगाम साधारण हिवाळा ते मे. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं. बोट परवडत नसेल तर भांडुप पंपिंग स्टेशनची वाट पक्षी बघायला फुकट आहे. डासांची तयारी ठेवा.

गोरेगावला फिल्म सिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे शिकवायला माणसं तयार असतात. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, सुट्टीचा सोमवार गाठून जाऊ नका.

पावसाळ्यात बाहेर नेणं कठीण. तेव्हा रानभाज्या घ्या. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, कंटोळी स्टेशनबाहेर विकायला येतात. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं (आंबट रानफळं) घालतात, हे सांगणाऱ्या आज्या तुमच्याच इमारतीत सापडतील. रस्त्याकडेची भाजी मात्र मुलांना खुडू देऊ नका, आणि ओळख पक्की नसेल तर शिजवू नका.

---

मुलुंडकरीण

सगळ्यांचे आभार, आणि चाळीतली_सुमन, तुमचा प्रतिसाद थेट कमिटीच्या ग्रुपवर टाकलाय.

मावश्यांची बैठक आधी, बाकी सगळं नंतर. बी विंगच्या जोशी आजोबांना पाऊणकीचं विचारलं तर ते म्हणाले, "औटकी पण येते," म्हणजे साडेतीनचा पाढाही. त्यांना बोलवायची गरजच उरली नाही, पुढच्या उधाणाची तारीख तेच काढून बसलेत. निवृत्त_कारकून काका, फोटोचं तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणून किनाऱ्यावर मोठ्यांचे फोन एका पिशवीत ठेवायचं ठरवतोय. आणीबाणीसाठी दोन फोन बाहेर राहतील.

निसर्ग उद्यानाची सहल ऑक्टोबरात काढू. आता एकच अडलंय. बैठकीला येणाऱ्या मावश्यांचा तासाभराचा वेळ जातो, त्याचे पैसे सोसायटीने द्यावेत असं मला वाटतं. खजिनदार म्हणतात, हा खर्च कुठल्या सदरात दाखवू? कोणी असं केलं असेल तर ठरावाची भाषा इथे टाका ना. रविवारी सभा आहे.