येऊरला ऑफिसचा ग्रुप नेतोय, सीडबॉल टाकले तर चालतील का?

वर्तकनगरचा_पोऱ्या:
पुढच्या रविवारी ऑफिसचे आम्ही २० जण येऊरला, म्हणजे ठाण्याला लागून असलेल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या जंगलात जातोय. नॅशनल पार्कला काहीतरी मदत पण व्हावी म्हणून एचआर मॅडमनी ५०० सीडबॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे) मागवलेत, गुलमोहर आणि सुबाभळीचे. वर नाश्त्याचे बॉक्स आणि माकडांसाठी वेगळी केळी. मला उगाच शंका येतेय, कोणाला माहीत असेल तर सांगा.

कारवीवाला:
शंका बरोबर आहे तुझी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची, आणि ती एकदा रुजली की तिथे दुसरं काही वाढू देत नाही. जंगलात बी टाकायला पक्षी, वटवाघळं आहेत की, त्यांना एचआर लागत नाही. त्यापेक्षा पायवाट सोडू नका एवढं जरी सगळ्यांना सांगितलंस ना तरी खूप झालं. आमच्याकडची कारवी, म्हणजे ते जांभळ्या फुलांचं रानझुडूप, आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरलं की मरते, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. दोन्ही वेळा लोक फोटोसाठी आत घुसले, फांद्या मोडून केसात खोवल्या, आता त्या मोडलेल्या झाडाचं बी पडलंच नाही तर पुढच्या खेपेला तिथे उगवणार काय?

येऊरकरीण:
आम्ही वरच पाड्यात राहतो. सोमवारी सकाळी बघायला या एकदा, बिर्याणीच्या पेपर प्लेटा, हाडं, चिप्सची पाकिटं. त्या खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यामागे बिबट्या येतो, पार घरांपर्यंत. मग बातमी काय, बिबट्या वस्तीत घुसला. घुसला कुठे, तुम्हीच बोलावलात की! म्हणून बॉक्स न्यायचेच असतील तर रिकामे परत खाली घेऊन जा, वरच्या डब्यात टाकू नका, माकडं उपसतात. आणि गाडीतली गाणी बंद ठेवा, प्लीज. पावसाळ्यात आमच्या बायका शेवळं, टाकळा अशा रानभाज्या घेऊन रस्त्याला बसतात, त्यांच्याकडून जुडी घेतलीत तर ती मदत चालेल आम्हाला.

ऐरोली_ते_उरण:
केळी अजिबात नको. खायला मिळतं म्हणून माकडं रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली जातात, शिवाय एकदा चटक लागली की हातातली पिशवी ओढतात, माझ्या बायकोची पर्स गेलीय, आत फक्त पार्ले-जी होतं. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर सिगरेटवाल्यांवर नजर ठेवा, सुकं गवत एका थोटकाने पेटतं.

वर्तकनगरचा_पोऱ्या:
धन्यवाद सगळ्यांना. सीडबॉल आणि केळी कॅन्सल करायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण मग फोटो कशाचा टाकायचा?

येऊरकरीण:
शेवळाच्या जुडीचा टाका.