गाजरगवतावरचे भुंगे सूर्यफुलावर जातील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बांधावरच्या गाजरगवतावर यंदा मेक्सिकन भुंगे (झायगोग्रामा) आलेत. पांढुरक्या पाठीवर तपकिरी, नागमोडी रेघा. शेंड्याच्या कोवळ्या पानांत पिवळसर अळ्या. काही झाडांचे नुसते दांडे उरलेत, बघून बरं वाटलं! १९८४ मध्ये हे भुंगे भारतात सोडले ते याच कामासाठी.

पण लागूनच सूर्यफूल उभं आहे. गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, आणि हे भुंगे सूर्यफुलाची पानं खातात अशी ओरड पूर्वी झालेली आहे. कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? गवत संपल्यावर भुकेपोटी चार पानं कुरतडली तर मी सोडून देईन. पण सूर्यफुलावर अंडी घालून अळ्या वाढताना दिसल्या असतील तर जरूर सांगा, मग मामला वेगळा.

अजून एक. पावसाळा सरला की हे मातीत शिरून झोपून राहतात ना? मग बांधालगतचा पट्टा न नांगरता ठेवू का? पुढच्या वर्षी गवत फुलोऱ्यावर यायच्या आत ते वर यायला हवेत, नाहीतर बी पडतंच. फोटो खाली टाकतोय. तणनाशक मारायचा सल्ला मात्र नको.